माटोळीचं यंत्र

बाबा आल्याची चाहूल आम्हाला बसच्या आवाजाने लागत नसे, पिशवीच्या आवाजाने लागे. ते डिचोलीला खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. आठवडाभर तिथेच एका खोलीत राहायचे आणि शनिवारी संध्याकाळी हळर्णच्या अलीकडे, आमच्या वाड्याच्या, म्हणजे वस्तीच्या, तोंडाशी बसमधून उतरायचे. पिशवीत वरच्या बाजूला आमच्यासाठी खाजे आणि आईसाठी एखादं परकराचं कापड असायचं, त्याखाली साहेबाला विचारून आणलेलं भंगार: बेअरिंगं, दात्यांची चाकं, झिजलेल्या क्लचप्लेटी. ते सगळं वाटभर खुळखुळत यायचं. आई चुलीपाशी बसूनच म्हणायची, "इली गो, खाण इली! घोव म्हणता मी खाणीर कामाक जातंय, पण आख्खी खाण हाडून टाकता ती माज्याच घरात." मग पोदेराकडचे उंडे पाव गरम करून आणि अळसांद्यांचं तोणाक, म्हणजे चवळीची आमटी, वाढून पहिलं ताट ती त्यांच्याच पुढे ठेवायची. ताट चाटूनपुसून झालं की बाबा गोठ्यात जायचे आणि कानशीचा आवाज सुरू व्हायचा. तो रविवारच्या शेवटच्या बसपर्यंत चाले. आजही कुठे लोखंडावर कानस घासली की मला तोणाकाचा वास येतो, त्याला मी तरी काय करू!

गोठ्यात आमच्या एकुलत्या एका गायीला अर्धी जागा आणि बाबांच्या लोखंड पकडायच्या व्हाइसला अर्धी. गाय बिचारी समजूतदार होती. बाबांच्या डोक्यात दर मोसमाला एक नवं यंत्र शिरायचं आणि ते मोसम संपल्यावरच तयार व्हायचं, म्हणजे चालतं की नाही हे बघायला पुढच्या वर्षाची वाट पाहणं आलं. काजूच्या बोंडूपासून बी वेगळी करायचं यंत्र त्यांनी केलं. त्यात पहिली टोपली ओतली तेव्हा बी जागच्या जागी राहिली आणि बोंडू फुटून सगळा रस आईच्या लुगड्यावर आला. बोंडूचा डाग म्हणजे जन्माचा सोबती. आईने ते लुगडं फेकलं नाही. पुढे कित्येक वर्षं कुणी पाहुणा 'काय मेस्तरी, नवीन काय?' असं विचारायला लागला की ती आत जाऊन ते लुगडं आणून त्याच्यापुढे धरायची. बाबा त्या पाहुण्यापेक्षा मोठ्याने हसायचे. हरलेल्या यंत्रावर इतकं मनापासून हसणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

एका बाबतीत मात्र ते हसत नसत. वर्कशॉपमध्ये त्यांनी खनिज वाहणाऱ्या टिपरच्या मागच्या फाळक्यासाठी एक कडी केली होती. फाळकं उघडताना माणसाची बोटं चेंगरायची, ती कडी लावल्यावर चेंगरेनाशी झाली. पुढच्या पावसाळ्यानंतर बघावं तर डिचोलीच्या रस्त्यावरच्या प्रत्येक टिपरला तीच कडी. कुणी केली म्हणून विचारलं तर लोक म्हणत, "ती असतेच." बाबांचा कुणावर राग नव्हता. पण 'ती असतेच' हे शब्द त्यांना लागले. एका रविवारी गायीच्या अंगावरून हात फिरवत ते मला म्हणाले, "बाय, माज्या बोटांनी केलेल्या वस्तूक माजा नाव नाय म्हणजे ती वस्तू पोरकी झाली मगे." तिथल्याच एका तरुण इंजिनियराने त्यांना सांगितलं की सरकारकडे नोंद करता येते, त्याला पेटंट म्हणतात, आणि मग ती वस्तू तुमच्या नावाची होते. त्या दिवसापासून बाबांना एकच ध्यास लागला. पैसा त्यातून मिळेल असं त्यांच्या मनातही नव्हतं. एक तरी यंत्र असं व्हावं, की ज्याच्यावर आपलं नाव लागेल.

ते यंत्र आलं आबाकाकांच्या कमरेतून. आबाकाका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, आमच्याच घरात राहायचे, शेती बघायचे आणि वाड्यावरचं कुठलंही गाऱ्हाणं तेच घालायचे. चवथीची माटोळी बांधायचा मानही त्यांचाच. ज्यांनी गोव्यातली चवथ पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते: गणपतीच्या डोक्यावर, छताला एक लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातलं आणि परसातलं जे जे फळ त्या दिवसांत मिळेल ते बांधतात. नारळ, सुपारीचे घोस, पपनसासारखी तोरंजनं, कवंडळं, कांगलं, शिवाय आम्हालाही नाव ठाऊक नसलेलं एखादं रानफळ. ती झाली माटोळी. दिसते देखणी, पण बांधायची म्हणजे स्टुलावर उभं राहून, मान मोडून, हात वर करून. यंत्र झालं त्याच्या आदल्या चवथीला आबाकाका एक भलंमोठं तोरंजन बांधता बांधता स्टुलासकट खाली आले. तोरंजन त्यांनी छातीशी धरलं होतं, त्याला खरचटलंसुद्धा नाही. कंबर मात्र महिनाभर धरली. आई त्यांना शेक देताना पुटपुटायची आणि बाबा दाराला टेकून छताकडे बघत राहायचे. त्यांच्या त्या बघण्यावरून मी ओळखलं, की आता आमच्या लुगड्यांची खैर नाही.

यंत्राचं काम वर्षभर चाललं. चौकटीच्या चार कोपऱ्यांना चार दोऱ्या, त्या छताच्या फळ्यांमधल्या चार भोकांतून वर माळ्यावर नेलेल्या, आणि माळ्यावर एकच रहाट, त्यावर चारही दोऱ्या गुंडाळायच्या. रहाट एकच असल्यामुळे एका बाजूला नारळ आणि दुसऱ्या बाजूला नुसती फुलं असली तरी चौकट तिरकी होत नसे. पण हे तर विहिरीवरूनही सुचलं असतं. नवीन होतं ते त्याचं कुलूप. मूठ हातातून सुटली की टांगलेला भार स्वतःच चाकाला आवळून धरायचा. भार जेवढा जास्त तेवढी पकड घट्ट. खाली घ्यायची तर मूठ उलटी फिरवायची, जेवढी फिरवू तेवढंच खाली येणार, थांबलो की तेही थांबणार. त्या कुलपात टिपरची क्लचप्लेट होती, माझ्या मोडक्या सायकलचा एक भाग होता आणि बाबांच्या सगळ्या हरलेल्या यंत्रांचं शहाणपण होतं. तयार झालं तेव्हा बाबांनी त्याला उखळ टांगलं, मूठ सोडली आणि हात पाठीमागे बांधून उभे राहिले. उखळ हललं नाही. 

मग ते पणजीला वकिलाकडे गेले, मलाही बरोबर नेलं. वकील शांत, गोड बोलणारे होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आराखडे अजून नीट काढून आणायला सांगितले, ते झाले की मुंबईला अर्ज पाठवू म्हणाले, आणि निघताना बोट वर करून म्हणाले, "मात्र अर्ज जाईपर्यंत हे कुणाच्या दृष्टीस पडता कामा नये. दहा लोकांनी पाहिलं, की कायद्याच्या दृष्टीने ते नवं राहत नाही. मग पेटंट विसरा." परतीच्या बसमध्ये बाबांना वाड्याचीच काळजी लागली. आमचा वाडा असा, की सकाळी कुणी बांगडा भाजला की दुपारपर्यंत तो किती काळा झाला हेही सगळ्यांना कळायचं. त्यात मी. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे वाड्यावरच्या तान्ह्या पोरालाही ठाऊक होतं. बाबांनी माझ्याकडे वळून नुसतं बघितलं आणि मी न विचारताच दोन्ही हात तोंडावर ठेवले.

आराखडे होईस्तोवर चवथ येऊन ठेपली. आबाकाकांना स्टुलावर चढवायचं नाही, यावर घराचं एकमत होतं. यंत्र लपलेलंच राहावं म्हणून बाबांना स्वतःला स्टुलावर चढायचं होतं. आईने कमरेवर हात ठेवला. "देवाच्या माटोळीसाठी वरसभर यंत्र केल्यात, आनी आता देवाकच बंदी?"

"बंदी देवाक नाय गो, वाड्याक आसा," बाबा म्हणाले. चवथीला वाडा घरोघर आरत्यांना जातो, आणि आमच्या घरी तर सगळेच येतात.

"वाडो आरती म्हणूक येतलो, माळ्यार चडूक नाय. यंत्र वर, दोऱ्यो पानांत लपयल्यो, शिडी काडून घेतली. कोणाक दिसतला काय?"

आईपुढे बाबांचं कुलूप कधीच टिकलं नाही. आदल्या दिवशी माटोळी छातीच्या उंचीवर आली आणि आबाकाकांनी चक्क पाटावर बसून, मांडीवर सुपारी कातरत कातरत ती बांधली. बांधून झाल्यावर बाबांनी ती वर घेतली. आबाकाका वर बघत म्हणाले, "देवा, इतकी वरसां तू माका कित्याक लटकयलंस?"

पहिल्या दिवशी संध्याकाळी वाडा आला. मधली खोली माणसांनी भरली, जनेलांतून पोरं डोकावू लागली. घुमटं घुमली, शामेळ वाजलं, झांजेसारखं कासाळं माझ्या हातात होतं. बाबा मात्र माळ्यावर होते. एखादं पोर वर चढू नये म्हणून राखणीला बसतो, असं त्यांनी सांगितलं होतं. हळदीच्या पानांचा वास, धूप, तुपाच्या वाती, आणि आमच्याकडे शेवटची आरती असते ती द्रुत लयीत, त्यात सगळे घामाघूम. तेवढ्यात मला वाटलं, माझी उंची वाढतेय. समोरचं तोरंजन मघाशी डोक्याच्या खूप वर होतं, ते आता कपाळाच्या जवळ आलं होतं. कासाळं माझ्या हातात थांबलं. अख्खी माटोळी, एकही सुपारी न हलवता, एखाद्या बाईने भरली घागर घेऊन पायऱ्या उतराव्यात तशी हळूच खाली येत होती. ती गणपतीच्या मुकुटाच्या वर वीतभर येऊन थांबली. माणसं आ वासून उभी राहिली. कुणीतरी ओरडलं, "देव पावलो! माटोळी देंवली!" आमच्याकडे उतरण्याला देंवणं म्हणतात. पुढच्या रांगेतले लोक साष्टांग आडवे झाले, मागच्यांना जागाच नव्हती म्हणून ते एकमेकांच्या अंगावर आडवे झाले. आणि तेवढ्यात माटोळी जशी आली तशीच परत वर गेली. सगळी वाद्यं केव्हाच थांबली होती. एकटा घुमटवाला दामू डोळे मिटून तल्लीन होऊन बडवत होता. त्याने काही म्हणजे काही पाहिलं नाही, आणि ती हळहळ त्याला जन्मभर राहिली.

लोक गेल्यावर बाबा खाली आले. कानापर्यंत लाल झाले होते. "माका फक्त एकदा बगूचा होता," ते म्हणाले. "भरलेली माटोळी, खाली समयो, मानसां... कशी दिसता ती. मूठ धरलंय आनी हात थांबूक नाय." आईला रागवायचं होतं पण तिला हसू आवरेना, ती पदर तोंडात कोंबून स्वयंपाकघरात पळाली. आबाकाका मात्र खूश होते. त्यांचं म्हणणं, आता गुपित आणखी पक्कं झालं, देव जिथे हात घालतो तिथे यंत्र कोण शोधायला जाईल? बाबांना ते पटलं नाही. पण अर्ज जायचा होता. ते गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून माणसांची रीघ लागली. कुठून कुठून लोक नारळ घेऊन यायचे, वर बघत उभे राहायचे, माटोळी हलत नाही म्हटल्यावर निमूट प्रसाद घेऊन जायचे. आई नेवऱ्या, म्हणजे करंज्या, तळून तळून थकली. आता आमच्या घरावरून मोप्याच्या विमानतळाकडे जाणारी विमानं जातात आणि माझी नातवंडं अंगणात जाऊन माना वर करतात, तेव्हा मला ती माणसं आठवतात. फरक इतकाच, की विमानाला कुणी नारळ देत नाही.

दुपारी नैवेद्य झाला, बाहेरगावचे लोक पांगले, वाड्यावरचीच काही माणसं पान खात बसली होती. बाबा कुलपाला तेल द्यायला माळ्यावर गेले होते. तेव्हा सरूमावशी आली. सरूमावशी आमच्या कुंपणापलीकडची, वाड्यातली सर्वांत तिखट जिभेची बाई. तिचा एकुलता एक मुलगा जगू बोटीवर कामाला होता आणि बरेच महिने त्याची काही खबर नव्हती. ती एरवी दारातूनच कुणाला तरी शिव्या घालत यायची. त्या दिवशी ओल्या लुगड्याने, एक शब्द न बोलता आली. माटोळीखाली उभी राहिली आणि हात जोडून मोठ्याने म्हणाली, "देवा, काल तू सगळ्यांसाठी माटोळी देंवयलंस. आज माज्यासाठी एकदा देंवय. माजो जगू जित्तो आसात तर देंवय. नसात तर तशीच रवां दी."

 सगळे वर बघत होते. मी फळ्यांकडे बघत होते, कारण मला ठाऊक होतं त्या फळ्यांच्या वर कोण आहे. आबाकाकांनी मान खाली घातली. आईने माझा हात इतका घट्ट धरला, की बांगडी रुतली. मूठ फिरवली असती तर ती म्हातारी हसत घरी गेली असती. नसती फिरवली तर ती तिथेच कोसळली असती. मला रडू यायला लागलं. वर काहीतरी हललं, आणि मग फळ्यांवरून पावलं वाजली. माळ्याच्या तोंडातून शिडी खाली आली आणि तिच्यावरून बाबांचे पाय दिसले. तेलाने माखलेले हात पंच्याला पुसत ते सरूमावशीसमोर येऊन उभे राहिले.

"मावशे, काल माटोळी देवान देंवयली नाय. मी देंवयलंय. वर यंत्र आसा, माज्या हातचा."

सरूमावशी त्यांच्याकडे बघत राहिली. "तू?"

"व्हय."

"मगे माज्या जगूचा काय?"

"ता माज्यान सांगूक जावचा नाय. यंत्राकय सांगूक जावचा नाय." बाबांनी पंचा खांद्यावर टाकला. "पण फाल्यां पयली बस धरून वास्कोक जातंय. बोटीच्या हापिसात इचारून, काय आसात ती खरी खबर तुका हाडून दितंय."

ती खाली बसली. आईने कोपातून, म्हणजे पेल्यातून, पाणी दिलं, ते ती घटाघटा प्यायली. मग लुगड्याच्या शेवाने डोळे पुसून तिने वर बघितलं आणि तिची नेहमीची जीभ परत आली. "शिरां पडली तुज्या यंत्रार! काल मी चार फावटी लोटांगण घातलंय रे, गुडघे सोलले माजे." वाड्यातले लोक आधी दबकत, मग उघड हसायला लागले. सरूमावशी उठली, पदर खोचला. "चल, दाखय बगया. कोणाक नमस्कार केलंय ता तरी कळांदे माका." आणि सर्वांत आधी तीच शिडी चढली.

तिच्यामागे वाडा चढला. निरोप गेला तसे शेतात गेलेलेही आले. शिडीखाली रांग लागली. वर माळ्यावर बाबा प्रत्येकाला सगळं पहिल्यापासून समजावून सांगत होते, क्लचप्लेट दाखवत होते, प्रत्येकाला मूठ धरायला देत होते. खाली माटोळी वर-खाली, वर-खाली होत होती आणि पोरं टाळ्या पिटत होती. बाबांना मी त्याआधी पुष्कळदा हसताना पाहिलं होतं, पण इतका आनंदलेला त्यांचा चेहरा मी प्रथमच पाहत होते. वर्षभर कोंडलेली विद्या ती, बाहेर पडत होती. रांग संपल्यावर आई हळूच म्हणाली, "सगळ्यांनी बगल्यान. आता पेटंटाचा काय?"

बाबा शिडीच्या शेवटच्या पायरीवर बसले. मग त्यांनी वाड्याला फाळक्याच्या कडीची गोष्ट सांगितली, वकिलाचं बोलणं सांगितलं. "अर्ज जावच्या आदी ही गजाल वाड्याभायर गेली तर माजा नाव लागूचा नाय. पण मी आता कोणाक काय सांगू? मावशेक फसवूक माका जमला नाय. झाला ता झाला."

 मग आबाकाका कंबर धरून उठले. त्यांनी पानाचा विडा आणि नारळ घेतला, गणपतीपुढे उभे राहिले, आणि सगळा वाडा आपोआप त्यांच्या मागे उभा राहिला. गाऱ्हाणं म्हणजे देवाला घातलेली साद. एकाने म्हणायचं आणि बाकीच्यांनी होकार द्यायचा. तो होकार दिला की माणूस बांधला गेला.

"बा देवा गणराया, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या वाड्यान फिटराचा यंत्र सोताच्या डोळ्यांनी बगल्यान हा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेची सरकारदरबारी नोंद जावन, तेचो कागद फिटराच्या हातात येय सर, ल्हान-थोर कोणीय ह्या यंत्राचो एक शब्द वाड्याभायर सोडूचो नाय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आनी जो कोण सोडीत, तेच्या..." आबाकाका अडले. चवथीच्या दिवसांत, देवासमोर कुणाचं वाईट कसं चिंतायचं?

"तेच्या घरच्या नेवऱ्यो तेलात फुटांदेत!" सरूमावशीने मागून पुरवलं.

"व्हय म्हाराजा!" या वेळी बायकांचा आवाज सर्वांत मोठा होता.

बाबा दुसऱ्या दिवशी वास्कोला गेले. संध्याकाळी बसमधून उतरल्या उतरल्या रस्त्यावरूनच ओरडत आले, "मावशे! जगू बरो आसा! बोट मोडली हा, दुरुस्तीक लागली हा, जगू बरो आसा!" वाटेतल्या प्रत्येक घरातून माणसं बाहेर आली. सरूमावशी कुंपणाशी आली आणि बाबांना एवढंच म्हणाली, "मगे आदी सांगूक काय झाला तुका? इतको उशीर?" आणि तिथेच कुंपण धरून हमसाहमशी रडली. थोड्या वेळाने तिच्याकडून केळीच्या पानावर पातोळ्या आल्या, अजून वाफाळत्या. तशा पातोळ्या मला पुन्हा कुणाच्या हातच्या मिळाल्या नाहीत.

चवथीनंतर आराखडे घेऊन आम्ही पणजीला गेलो. वकिलांनी विचारलं, "कुणी पाहिलं नाही ना?" बाबा खोटं बोलणारे नव्हतेच. "सगळ्या वाड्यान," ते म्हणाले. वकिलांनी कपाळावर हात मारला. मग मी, तोंडात तीळ न भिजणारी, सगळं सांगून टाकलं. वकिलाला सांगायला गाऱ्हाण्याची हरकत नसावी, असं माझं मत होतं. ते ऐकत गेले आणि त्यांच्या तोंडावर हळूहळू हसू पसरत गेलं. ते म्हणाले, गुप्त ठेवण्याच्या बोलीवर दाखवलेलं जगाला दाखवलेलं धरत नाहीत. "अशी बोली लोक कागदावर करतात. तुमच्या वाड्याने देवासमोर केली. टिकली म्हणजे झालं." अर्ज मुंबईला गेला. निघताना वकील म्हणाले, आता लपवायची गरज नाही.

पण हे आबाकाकांना कोण पटवणार? "गाऱ्हाण्यात 'कागद हातात येय सर' म्हटला हा. अर्ज म्हणजे कागद न्हय." 'येय सर' म्हणजे येईपर्यंत, आणि देवाला दिलेला शब्द वकिलाच्या सांगण्यावरून सोडायचा नसतो. कागद यायला पुढे कित्येक वर्षं लागली, आणि तितकी वर्षं बांगड्याचा रंग सांगणारा आमचा वाडा मुका राहिला. म्हापशाच्या बाजूचा एक वर्कशॉपवाला चमत्काराची गोष्ट ऐकून मोटारसायकलवर आला आणि घरोघर चौकशी करत फिरला. जो तो त्याला दामूकडे पाठवायचा. दामूने शपथेवर सांगितलं, "माका काय दिसूक नाय," आणि ते अगदी खरं होतं. सरूमावशीने आपल्या माडांकडे हात करून विचारलं, "तू माटोळी बगूक इलंस, काय माजे कवाथे मोजूक?" तो कंटाळून गेला. जगू शिमग्याला घरी आला, पुन्हा बोटीवर गेला, पुन्हा आला. सरूमावशीने त्यालाही अवाक्षर सांगितलं नाही. आणि माझे हाल विचारू नका. माझं लग्न होऊन मी डिचोलीच्या घरात गेले, पहिल्या चवथीला सासरे स्टुलावर चढून माटोळी बांधत होते, मी खालून सुपाऱ्या देत होते, आणि ओठ दातांखाली दाबून धरत होते. नवऱ्यालाही सांगितलं नाही. सासरे पडले नाहीत, ही त्यांचीच पुण्याई. लोक म्हणतात लग्नाने मुलगी मोठी होते. मी मोठी झाले ती त्या स्टुलाखाली गप्प उभी राहून.

शेवटी कागद आला. त्यावर यंत्राचं लांबलचक, कुणालाही न कळणारं नाव होतं आणि त्याखाली बाबांचं साधं, सगळ्यांना ठाऊक असलेलं नाव होतं. पुढे बोंडूच्या नव्या, सुधारलेल्या यंत्रालाही पेटंट मिळालं; ते ऐकून आई लुगडं शोधत होती. आता त्या पेटंटांची मुदत केव्हाच संपली, कुणीही ते कुलूप करावं. काही देवळांत समयांची झुंबरं अजून बाबांच्या रहाटांवर खाली-वर होतात. पण त्या वर्षी कागद पहिल्यांदा आमच्या घरी आला तो चवथीच्या आधी, आणि बाबांनी ठरवलं की तो वाड्याला चवथीलाच दाखवायचा. मी माहेरी आले होते. जगूही घरी होता. आबाकाकांना आता उभं राहवत नव्हतं, त्यांनी खुर्चीवर बसूनच नारळ हातात घेतला.

"बा देवा म्हाराजा! फिटराचो कागद इलो हा, तेच्यार तेचा नाव आसा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आता वाड्याच्या तोंडाचा कुलूप काड, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आणि त्याच श्वासात अख्खा वाडा एकदम बोलायला लागला. इतक्या वर्षांचं साठलेलं, कोण कुणाला काय सांगतंय याचा पत्ता नाही. सुना, जावई, नंतर जन्मलेली पोरं, सगळ्यांना एकाच वेळी सगळे सांगत होते. मी माझ्या नवऱ्याला दंडाला धरून शिडीकडे ओढत होते. तेवढ्यात सरूमावशी जगूला घेऊन माटोळीखाली आली. जगू आता पोक्त दिसत होता. तिने त्याला सगळं सांगितलं, ओलं लुगडं, नवस, सगळं. जगू वर बघत राहिला आणि हसून म्हणाला, "म्हणजे आये, तू मागितलंस आनी देवान तुज्यासाठी काय माटोळी देंवयली नाय."

सरूमावशीने त्याच्या पाठीत धपाटा घातला.

"नाय रे. माटोळी देंवयली नाय. त्या दिसा देवान फिटराक देंवयल्यान."

बाबा पलीकडेच उभे होते. त्यांनी हातातला कागद माझ्याकडे दिला, दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि वाड्यासमोर लहान मुलासारखे रडू लागले. आई त्यांच्याकडे गेली, पदराने त्यांचं तोंड पुसलं आणि वाड्याला म्हणाली, "बसा सगळी, नेवऱ्यो हाडतंय. एकय फुटूक नाय."